मी, कौशल्याची मशीन, आणि ती बोंडी

मी कौशल्याची शिलाई मशीन बोलतेय. ‘कौशल्याची’ हे मी मुद्दाम आधी सांगते. कारण मधे असा एक काळ आला होता, की मी नेमकी कुणाची, हेच मला कळेनासं झालं होतं. आणि ते सगळं एका मांजरीमुळे.

हसा खुशाल. लोखंडाला कसला हेवा, असं तुम्हाला वाटत असेल. पण ज्या बाईच्या पायाखाली मी उभं आयुष्य काढलं, तिने माझ्या अंगावरचा हात काढून दुसऱ्या कुणाच्या पाठीवर ठेवला, तर मला काहीच वाटू नये?

माझा जन्म लुधियान्याचा. भट्टी, साचा, काळा रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. मालगाडीतून अकोल्याला आले आणि बाजारातल्या एका दुकानात दाराजवळ उभी राहिले. येणारे-जाणारे माझं चाक उगीच फिरवून पाहत आणि भाव ऐकून निघून जात. एके दिवशी नत्थुजी आले. बार्शीटाकळीच्या जिनिंगमध्ये ते कामाला होते. भुवयांत कापूस अडकलेला, चपलेला काळी माती. त्यांनी चाक फिरवलं नाही. नुसतं दुकानदाराला म्हणाले, “मायी बायको शिवणक्लास पास झाली. तिले जन्मभर पुरन अशी द्या.”

ट्रॅक्टरवर सरकीच्या पोत्यांमध्ये बसून मी बार्शीटाकळीला गेले. कौशल्याने दारात हळदकुंकू लावलं, पदराने माझ्यावरची धूळ पुसली, आणि पायडलवर पाय ठेवताना म्हणाली, “चाल बाई, आता आपल्या दोघीचं पटलं पाह्यजे.”

तेव्हापासून ती माझ्याशी बोलायची. तिची सवयच ती. पोलक्याला बाही लावताना, गोधडी टाचताना, झग्याला चुण्या घालताना तिचं सगळं मन माझ्यासमोर सांडायचं. सासू काय बोलली, मिरची किती महाग झाली, पोटातल्या बाळाने लाथ कशी मारली. मी आपली खटखट करत हुंकार द्यायची. पुढे जिनिंग बंद पडलं आणि नत्थुजी बायको-पोराला घेऊन अमरावतीला आले. राजापेठेत एका शिकवणीच्या क्लासवर त्यांना वॉचमनचं काम लागलं. क्लासच्या मागच्या गल्लीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून, माझी जागा. बाहेर दिवसभर पोरापोरींच्या गाड्यांचे हॉर्न, आणि आत मी.

नत्थुजी गेले ते अचानक. छातीत कळ आली आणि रिक्षा गल्लीच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत सगळं संपलं. मुलगा नितेश तेव्हा नुकता बारावी झाला होता. वर्षभरात तोही अकोल्याला मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला लागला आणि तिकडेच राहू लागला. सणासुदीला यायचा, जेवायचा, फारसं न बोलता परत जायचा.

मग घरात उरलो आम्ही दोघी. आणि खरं सांगते, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच. दुसऱ्याच्या दुःखात आपलं सुख असावं, हे बरं नव्हे. पण होतं खरं. सकाळी उठून ती पहिला हात माझ्यावर ठेवायची. रविवारी तेल घालायची. खंडेनवमीला झेंडूचा हार आधी मला, मग कात्रीला. जे बोलायची ते फक्त माझ्याशी.

आणि मग ती आली.

शेजारच्या अब्दुल रहीमभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. त्यांची मुलगी अलीझा कॉलेजात शिकते. ती एका संध्याकाळी ओढणीत काहीतरी गुंडाळून आली. “मावशी, क्लासच्या नालीत पडलं होतं. आमच्याकडे आधीच दोन आहेत, अम्मी तिसरं घरात घेऊ देत नाही. दोनच दिवस ठेवा ना.”

“नाई वं बाई,” कौशल्या म्हणाली. “मले कपड्याचं काम. केस लागतीन गिऱ्हाइकाच्या पोलक्याले. ने तिले.”

मला किती बरं वाटलं! पण अलीझाने ओढणी सोडली, आणि चिखलाने माखलेलं ते पिल्लू थेट माझ्या पायाशी पडलेल्या कतरनच्या, कापडाच्या चिंध्यांच्या, ढिगात शिरलं आणि झोपलं. कौशल्या बराच वेळ पाहत राहिली. मग उठली, कोमट पाणी केलं, जुन्या फडक्याने त्याला पुसलं. चिखलाखालून पांढरंशुभ्र अंग निघालं. “माय वं,” ती म्हणाली, “हे त फुटलेलं बोंड हाय, कापसाचं!”

झालं. नाव पडलं बोंडी. दोन दिवसांचं कधीच वर्ष झालं.

त्या वर्षाबद्दल मी काय सांगू! माझ्या पाटावर, दिव्याच्या उबेत, ती झोपायची. आणि कौशल्या अर्धवट पोलकं हातात धरून बसून राहायची. का, तर ‘झोपली हाय, उठवू कशी?’ गिऱ्हाईक दारात उभं, आणि मी मांजरीची गादी! माझ्या शटलमध्ये तिचे पांढरे केस अडकायचे. रविवारचं तेल राहून जाऊ लागलं. खंडेनवमीला माझ्या गळ्यात हार घातला, तर ती बया त्याच्यावर उड्या मारून झेंडू कुरतडू लागली, आणि कौशल्या रागवायचं सोडून खळखळून हसली. नत्थुजी गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मला आग लागली. इतकी वर्षं मी हुंकार दिले, पण मला तिला हसवता आलं नव्हतं.

आणि बोलणं! ते सगळं तिकडे गेलं. “बोंडे, आज ऊन लय हाय वं. बोंडे, नितेशचा फोन नाई आला पाह्य. बोंडे, तुले भूक लागली का?” मी तिच्या हाताखालीच असायची, पण ती माझ्या डोक्यावरून खाली पाहत बोलायची. उत्तरादाखल ती मांजर नुसती एक डोळा उघडायची. तेवढंच. तेवढ्यावर कौशल्या खूश.

घात झाला तो एका साध्या दुपारी. एका साडीला हाताने तुरपाई करायची होती. कौशल्याने सुईत दोरा ओवला आणि दारात पार्वताबाई आल्या म्हणून सुई माझ्या मानेवरच्या टाचण्यांच्या गादीत टोचून ती उठली. पार्वताबाई आमचं जुनं गिऱ्हाईक. बसल्या की तासभर उठत नाहीत. इकडे दोरा वाऱ्याने हलत होता. बोंडीने पंजा मारला, पुन्हा मारला, तोंडात धरला. ओढता ओढता सुईही निघाली. मी पाहत होते. दोरा आत गेला, आणि त्याच्यामागे सुई.

मला तोंड असतं तर मी ओरडले असते, असं मी स्वतःला सांगते. असते का ओरडले? त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून देत नाही.

संध्याकाळी तिने दूध ओकलं. दुसऱ्या दिवशी कपाटामागे जाऊन बसली. कौशल्याने कुस्करलेली पोळी दिली, शेव दिली, अंड्याचं पिवळं दिलं. कशालाच तोंड लावेना. तोंड उघडून पाहिलं तर जिभेखाली लाल दोऱ्याचं टोक. कौशल्या ते ओढायला गेली तशी अलीझा किंचाळली, “ओढू नका मावशी! आतून आतडं फाटतं! आमच्या एकीचं असंच झालं होतं.”

दोघी तिला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात पळत गेल्या. तासाभराने परत आल्या तेव्हा कौशल्याचा चेहरा पांढरा पडला होता. क्ष-किरणाच्या फोटोत सुई दिसली होती, आतड्यात आडवी. इथले डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करावं लागेल, आणि तेही लवकर. अकोल्याच्या दवाखान्यात त्याची सोय आहे. खर्च जितका सांगितला, तितकं कौशल्या चार महिन्यांत कमावते.

तिने माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं! आणि म्हणाली, “याच्यातला दोरा. याच मशीनीचा दोरा गेला तिच्या पोटात.” मग खुंटीवरची जुनी चादर ओढून तिने माझ्यावर टाकली, मढ्यावर टाकतात तशी.

त्या चादरीखाली मी काय काय बोलले ते सांगायची सोय नाही. चोरी तिची, शिक्षा मला!

रहीमभाईंनी गाद्या उतरवून टेम्पो रिकामा केला. घरातल्या डब्यात जे होतं ते सगळं पदरात बांधून कौशल्या अलीझाबरोबर अकोल्याला गेली. तिथल्या डॉक्टरांनी तेवढ्यावर ऑपरेशन करायचं कबूल केलं. बाकीचे पैसे मांजर घरी नेताना द्यायचे. मांजर चारपाच दिवस तिथेच राहणार होतं. दिवस मावळता मावळता कौशल्या परतली, हात रिकामे. आल्या आल्या कतरनच्या ढिगाकडे पाहत बसली.

“ऑपरेशन झालं ना मावशी, आता रडू नका,” अलीझा म्हणाली. “पैशाचं बघू आपण. मी मोबाईलवर टाकते. बोंडीचा फोटो, तुमचे दोन शब्द. लोक देतात.”

“भीक मागू?” कौशल्या म्हणाली. “नितेशचे बाबा गेले तवा कोणाचा रुपया घेतला नाई म्या.”

“भीक कशाची? मदत आहे.”

कौशल्याने पदराने डोळे पुसले. नंतर एकदम म्हणाली, “मागतो. पण फुकट नाई घेत. जो देईन त्याले पिशवी शिवून देईन. मजबूत. दहा किलो गहू भरला तरी नाई उसवणार, अशी. तसं लिव्ह.”

आणि तिने माझ्यावरची चादर काढली. फोटो काढायचा होता म्हणून. मला वाटलं, चला, निदान आता तरी जग मला पाहील. पण अलीझाने शेवटी टाकला तो जुनाच फोटो. त्यात दिव्याखाली झोपलेल्या बोंडीचा चेहरा भला मोठा, त्याच्यामागे कौशल्या, आणि कोपऱ्यात माझं अर्धं चाक. शिवणार कोण? मी. कौतुक कुणाचं? बोंडीचं. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते अलीझा वाचून दाखवायची. ‘किती गोड!’ ‘परीच आहे!’ मोबाईल माझ्याच पाटावर ठेवलेला असायचा, त्यामुळे मला कान झाकायचीही सोय नव्हती.

सगळेच गोड बोलत नव्हते. कुणी लिहिलं, फसवणूक आहे. कुणी लिहिलं, देशात माणसं उपाशी मरतात. पार्वताबाई तर दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “कौसल्ये, माणसाले गोळी भेटत नाई अन् तू मांजरीले ऑपरेशन करून राह्यली? येडी झाली का वं?” कौशल्या पिशवी कापत राहिली. मी मनातल्या मनात पार्वताबाईंसाठी टाळ्या वाजवल्या.

पण खरा घाव दुसऱ्या दिवशी बसला. नितेशचा फोन आला. हात कामात होते म्हणून कौशल्याने फोन स्पीकरवर लावला.

“आई, हे काय चालू हाय? दुकानातले पोट्टे मले तुया फोटो दाखवून राह्यले. मांजरीसाठी तू लोकायले पैसे मागून राह्यली?”

“हो रे. अकोल्यालेच हाय ते दवाखान्यात. तुया दुकानापासून लांब नाई. जरा पाहून येशीन का?”

मग नितेश बोलला, पण आवाज बदललेला होता.

“बाबा गेले तवा मायं डिप्लोमाचं ॲडमिशन लागलं होतं. आठोते? फी भराची होती. रहीमचाचा द्याले तयार होते. क्लासवाले सर तयार होते. तू म्हनली, आपन कोणापुढं हात नाई पसरत. मी ते ॲडमिशन सोडलं आई. म्या तोंडातून शब्द काढला नाई. अन् आज मांजरीसाठी साऱ्या दुनियेपुढं हात पसरला तुनं. मी मांजरीपेक्षा बी गेलो का?”

माझं चाक थांबलं. कौशल्याचे पाय थांबले होते म्हणून थांबलं, पण माझ्याही आत काहीतरी अडकलं. इतके दिवस मला वाटत होतं, या जगात त्या मांजरीवर जळणारी मी एकटीच. आणि हा पोरगा, ज्याचे झबले-टोपडे मी शिवले, तो तिकडे अकोल्यात बसून माझ्याच आगीत जळत होता. तोही आजचा नाही, किती वर्षांचा!

“नितेश,” कौशल्या म्हणाली. तिचा आवाज फार बारीक झाला होता. “तुयासाठी मागाले पाह्यजे होतं बापा. तवा मले वाटे, मागितलं त मान जाईन. मान राह्यला अन् पोरगं गेलं माया घरातून. मले तवा मागताच येत नव्हतं रे. आता शिकली, तं तू मोठा होऊन गेला.”

फोन बंद झाला. त्याने केला की आपोआप झाला, कळलं नाही.

त्यानंतर ती शिवायला बसली. रहीमभाईंनी गादीच्या कापडाचे उरलेले तुकडे पोतंभर आणून टाकले होते, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, जाडजूड. पैसे आत्ता जवळ नाहीत, म्हणाले, पण कपडा हवा तेवढा घ्या. अकोला, वाशीम, कुठून कुठून लोकांनी थोडे थोडे पैसे पाठवले होते. चिखलदऱ्याला पर्यटकांना कॉफी विकणाऱ्या एका बाईने तर कॉफीच्या पुड्या घालायला छोट्या पिशव्यांचा गठ्ठाच मागवला. जेवढे पैसे, तेवढ्या पिशव्या. कौशल्या सकाळी बसायची ती दिवे लागेपर्यंत.

आणि इथे मला एक गोष्ट सांगायचीय. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं. बोंडी घरात नव्हती. पाटावर केस नव्हते. दिवसभर कौशल्या माझ्याजवळ, तिचे पाय माझ्या पायडलवर, तिचे हात माझ्या अंगावर. पुन्हा आम्ही दोघीच.

पण ती बोलत नव्हती.

एक शब्द नाही. मी वाट पाहायची. आता म्हणेल, ‘चाल बाई’. आता सासूचं काढेल, नत्थुजींचं काढेल, निदान मिरचीचा भाव तरी. काही नाही. मधेच तिचा हात खाली कतरनकडे जायचा, तिथे कुणी नाही हे आठवायचं, आणि परत वर यायचा. त्या रिकाम्या खोलीत माझी खटखट मलाच ऐकू येत होती, आणि पहिल्यांदा मला ती कर्कश वाटली. मांजर असताना ती निदान माझ्या डोक्यावरून का होईना, बोलत तरी होती. तिचा आवाज त्या मांजरीबरोबर अकोल्याला गेला होता.

तिसऱ्या दुपारी सुई मोडली. पट्ट्यांच्या कापडाचे चार पदर एकावर एक आले होते, तिथे ती टक्कन तुटली. दुसरी घातली, तीही गेली. मग दोरा गुंतला, शटल अडलं, आणि मी ठप्प झाले. शपथेवर सांगते, मी मुद्दाम केलं नाही. वर्षभर तेल नाही, आत मांजरीचे केस, वर गादीचं कापड. कोणतीही मशीन बसली असती. पण मनात कुठेतरी होतंच, की बसू दे. त्या मांजरीसाठी मी का मरू?

कौशल्याने चाक फिरवून पाहिलं. फिरेना. तिने माझ्या मानेवर कपाळ टेकवलं आणि ती रडायला लागली. हमसून हमसून. आणि रडता रडता बोलली.

“तू बी रुसली का वं? तू बी? रुसशीन नाई त काय करशीन. वरीस झालं तुले तेल नाई घातलं म्या. तुयावर चादर टाकली. पोरगं रुसलं, तू रुसली. जे मायं हाय त्याच्याकडं मीच पाह्यलं नाई. चाल बाई. एवढ्या वखती चाल. मंग रुस पाह्यजे तितकी.”

मी काय सांगू तुम्हाला! वर्षभर ज्या दोन शब्दांसाठी मी झुरले ते असे आले, डोळ्यांतल्या पाण्याबरोबर. तिने माझी खालची पट्टी उघडली, शटल काढलं, पांढऱ्या केसांचा बोळा बाहेर काढला. तो टाकून दिला नाही, नीट बाजूला ठेवला. तेवढ्यातही माझ्या पोटात दुखलंच. मग फडक्याने एकेक भाग पुसला, छिद्राछिद्रात तेल सोडलं, जाड सुई लावली. मी जी धावले त्यानंतर! लुधियान्याहून निघाल्यापासून इतकी कधी धावले नव्हते. मांजरीसाठी नाही धावले, हे लिहून ठेवा. कौशल्यासाठी धावले.

संध्याकाळी मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल होता. कौशल्याने तो माझ्या चाकाला टेकवून उभा केला. पडद्यावर आधी नितेशचा अंगठा दिसला, मग कान, मग एक जाळीचा पिंजरा. पिंजऱ्यात बोंडी, पोट भादरलेलं, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा मोठा पांढरा घोळ.

“काल बी आलतो,” नितेश म्हणाला. “सांगितलं नाई. काल काही खाल्लं नाई तिनं. डॉक्टर म्हनले, खाल्लं नाई त कठीण हाय. आज मी उकडलेलं चिकन घिऊन आलो. हाताने भरवलं.”

“खाल्लं?” कौशल्या पडद्याजवळ वाकली.

“आधी मले चावली. हे पाह्य, बोट पाह्य. मंग खाल्लं. लय खडूस हाय तुयी मांजर.”

कौशल्या हसली. झेंडूच्या वेळी हसली होती तशीच. आणि पडद्यावरचा तो दाढी वाढलेला पोरगाही चुकून हसला, आणि लगेच गंभीर झाला. “उद्या दुकानातून मधल्या सुटीत येतो पाहाले,” म्हणाला, आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस भराभर गेले. पिशव्यांचे गठ्ठे रहीमभाईंच्या टेम्पोतून, बसच्या डिकीतून, अलीझाच्या गाडीवरून गेले. शेवटच्या दिवशी थोडे पैसे कमी पडत होते, तेव्हा पार्वताबाई आल्या. दोन पिशव्या उलट्यापालट्या करून, शिलाई ओढून ओढून पाहिली आणि दाम दुप्पट ठेवून म्हणाल्या, “मांजरी-बिंजरीसाठी नाई हं. पिशवी मजबूत हाय म्हणून घेऊन राह्यली.” जाताना मात्र दारातून मागे वळल्या. “कधी येनार हाय ते?”

ती आली रविवारी. नितेशच घेऊन आला, मांडीवर टोपली ठेवून, बसने. टोपलीतून बोंडीने डोकं बाहेर काढलं, गळ्यातल्या त्या घोळामुळे दाराला धडकली, आणि लंगडत-डुलत थेट माझ्या पायाशी आली. कौशल्या खाली बसली. तिने तिला उचललं नाही, टाके दुखतील म्हणून. नुसता हात पुढे केला. बोंडीने त्या हातावर कपाळ घासलं. गल्लीतली अर्धी माणसं खोलीत होती. अलीझा रडत होती. मी पाहत होते, आणि खोटं कशाला बोलू, माझं लोखंड पुन्हा तापलं.

सगळे गेल्यावर नितेश दाराशी चपला घालायला वाकला, आणि घातल्याच नाहीत. भिंतीला टेकून उभा राहिला.

“सगळ्यायले पिशव्या वाटल्या म्हने,” तो म्हणाला. “मायी?”

कौशल्याने वर पाहिलं. सगळ्यांच्या झाल्या होत्या, त्याच्याच नावाची नव्हती. मग ती उठून माझ्यासमोर बसली.

“कोणत्या कपड्याची शिवू?”

“कोणत्याही. तू म्हनशीन तशी.”

“तसं नाई. माग. मागाले लाजू नको रे. म्या लाजली, तं काय झालं पाह्यलं ना?”

त्याने चपला बाजूला सरकवल्या. मग माझ्या पायडलशेजारी फरशीवर मांडी घालून बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि म्हणाला, “मोठी शीव. डबा मावला पाह्यजे, अन् पुस्तकं बी. संध्याकाळचा कोर्स हाय अकोल्याले. मी विचारून आलो हाव. फी जास्त हाय. मले... मले थोडी मदत लागन आई.”

कौशल्याने निळ्या-पांढऱ्या कापडाचा मोठा तुकडा घेतला. पायडलवर पाय ठेवला. मला कळलं, ती ‘हो’ म्हणतेय, कारण इतकी हळुवार ती मला फक्त बाळंतविडा शिवताना चालवायची.

ती पिशवी शिवायला अर्धा तास पुरला असता. तिने संध्याकाळ लावली. शिवता शिवता ती त्याच्याशी बोलत होती, तो बोलत होता, मधेच दोघे हसत होते. मांजर त्याच्या मांडीवर चढून झोपली. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आणि त्या क्षणी मला त्या पोराचाही हेवा वाटला. आता मी दोघांवर जळते. जळत असेन, पण तेलपाणी घेऊन, व्यवस्थित धावत जळते.

आज माझी वेलबुट्टी पुसट झालीय. पट्टा दोनदा बदलला. पाटाचा एक कोपरा बोंडीच्या नखांनी सोललाय, आणि दिव्याच्या उबेतली जागा अजूनही तिचीच आहे. पण आता सुई-दोरा झाकणाच्या डबीत जातो. रविवारचं तेल चुकत नाही. आणि सकाळी उठल्यावर कौशल्याचा पहिला हात कुणावर पडतो, ते मी रोज मोजून पाहते. कधी माझ्यावर, कधी तिच्यावर. ज्या दिवशी माझ्यावर पडतो, त्या दिवशी माझी शिलाई बघा कशी सरळ येते!

आता निघते, पोलकी खोळंबलीत. तुमच्याही घरात कोपऱ्यात एखादी मशीन उभी असेल, वर चादर टाकलेली. कधीतरी ती चादर काढा, चाकावरून हात फिरवा, दोन शब्द बोला. आणि घरात मांजर असेल तर आधी मशीनवर हात ठेवा, मग मांजरीवर. एवढंच मागणं आहे माझं. मागायला लाजायचं नसतं, हे मी कौशल्याकडूनच शिकले.